महागड्या गाडीची बॅटरी खामगावात बदलण्याची सोपी पद्धत

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांनी आजवर फक्त ट्रॅक्टरची किंवा जुन्या मारुतीची बॅटरी बदलली आहे अशांसाठी. तो अनुभव मोलाचा आहे. तो विसरून जा. ट्रॅक्टरला एक पाना, एक फडकं आणि शेजारी रिकामा बसलेला एक माणूस पुरतो. जर्मन गाडीला ही तिन्ही लागतात, शिवाय लॅपटॉप लागतो, आणि खुद्द गाडीची संमती लागते. संमतीचं पुढे पाहू. बुलडाणा जिल्ह्यातल्या घाटावरच्या वाचकांनी खामगावच्या जागी चिखली किंवा मेहकर वाचावं. पद्धत तीच, ऊन थोडं कमी.

१. गाडी मिळवा

नवी घेऊ नका. नव्या गाडीची बॅटरी वॉरंटीत बदलून मिळते आणि तुमचं शिकायचं राहून जातं. पुण्या-मुंबईत आठ-दहा वर्षं फिरलेली घ्या. नवी असताना जिच्याकडे बघायचेही पैसे पडतील असं वाटायचं, ती आता नव्या क्रेटाच्या पैशात मिळते, घासाघीस केली तर त्याहून कमीत. भाव एवढा का पडला, हे विकणाऱ्याला विचारू नका. तो सांगेल, "डॉक्टरांची गाडी आहे, एकहाती." सगळ्याच गाड्या डॉक्टरांच्या असतात.

मन कचरत असेल तर शेजाऱ्यांकडे पाहा. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दीडशे जणांनी ठरवून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या. पासष्ट कोटींचा सौदा, देशभर बातम्या. एका बॅटरीचं आयुष्य चार-पाच वर्षं धरलं तर त्या ताफ्याला एव्हाना साडेचारशेच्या आसपास बॅटऱ्या लागल्या असाव्यात. त्याची बातमी कोणीच केली नाही. म्हणून हा लेख.

२. बॅटरी उतरवा

हे आपोआप होतं, पण मुद्दाम केलं तर लवकर होतं. गाडी शेडमध्ये उभी करा, वर ताडपत्री टाका, आणि तुळशीच्या लग्नानंतर एकदम उन्हाळ्यातल्या लग्नसराईलाच बाहेर काढा. अशी गाडी कुलूप लावल्यावरही पूर्ण बंद होत नाही. अलार्म, चावीची वाट बघणारा रिसीव्हर, कुठले कुठले कंट्रोलर मिळून चांगल्या प्रकृतीच्या गाडीतही पन्नास मिलीअँपिअरपर्यंत खात बसतात. ९५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने एकोणऐंशी दिवसांत कोरडी पडते. पण सेल्फ मारण्याइतका जोर त्याच्या निम्म्या काळातच जातो. चावी गाडीजवळच्या खुंटीला टांगली तर आणखी छान. काही गाड्यांना चावी जवळ आली की जाग येते आणि त्या मालकाच्या स्वागताला रात्रभर उठत राहतात.

उरलेलं काम ऊन करतं. घाटाखाली मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य उष्णतेनेच खरं घटतं. थंडी फक्त डिसेंबरातल्या एका सकाळी निकाल वाचून दाखवते. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीवरून पाऊस, पिकं आणि राजाची गादी या सगळ्याचं भाकीत होतं. बॅटरीचं होत नाही. ते तुमचं तुम्हीच करायचं आहे.

पहिलं लक्षण सुखाचं असतं. सिग्नलला गाडी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची, ते होईनासं होतं. एसी चालू राहतो. मालकाला वाटतं, गाडी सुधारली.

३. गाडीत शिरा

बटण दाबून दार उघडत नाही, कारण दाराला वीज हवी. वीज बॅटरीत आहे. बॅटरी बहुतेक बीएमडब्ल्यूंत डिकीत असते. डिकी उघडायलाही वीज हवी. इथे बरेच नवशिके खाली बसतात. बसू नका, जमीन तापलेली असते.

चावीच्या ठोकळ्यातून एक छोटी साधी किल्ली सरकवून बाहेर काढा. होय, लोखंडाची, दात असलेली. ड्रायव्हरच्या दाराला भोक आहे. दिसत नसेल तर मुठीजवळच्या टोपणाखाली दडवलेलं आहे, कारण लाखो रुपयांच्या गाडीला भोक दिसणं बरं नाही. दार उघडा, बॉनेटचा खटका ओढा. तो अजून तारेवर चालतो, कंपनीच्या नजरेतून सुटला असावा. बॉनेटखाली बॅटरी नाही, पण बाहेरून वीज देण्यासाठी टोपणाखाली लाल टर्मिनल आणि जवळच अर्थिंगची जागा असते. तिथे जंपर लावला की डिकी उघडते.

वीज ट्रॅक्टरकडून घ्या, बारा व्होल्टची असते. ट्रकवाला कितीही प्रेमाने थांबला तरी त्याची घेऊ नका. मोठ्या ट्रकात दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट असतात, आणि तुमच्या गाडीतले सगळे कंट्रोलर एका झटक्यात मोक्षाला जातील. मोक्षासाठी शेगाव जवळ आहे, तिथे बसने जाता येतं.

४. गर्दी जमू द्या

हे आपोआप होतं. तुम्ही सहा नंबरवर उभे असाल (कागदावर हायवे आता ५३ आहे, पण तो सरकारचा प्रश्न) तर पाच मिनिटांत आठ माणसं येतील.

"काय झालं राजेहो?"

"सेल्फच घेऊन नाही राह्यली."

"धक्का देऊन पाहू न मंग."

इथे तुम्ही समजावून सांगा की गाडी ऑटोमॅटिक आहे, धक्क्याने सुरू होत नाही. शिवाय वीज गेल्यावर गिअर 'पी'मध्ये अडकलाय आणि हँडब्रेकही विजेवरचा आहे, त्यामुळे ती हलणारच नाही. सगळे शांतपणे ऐकून घेतील आणि मग धक्का देतील.

"काऊन भाऊ, येवढी मोठी गाडी अन् इंचभर सरकत नाही?"

"माह्या बुलेटची लावून पाह्यता काय?"

कोणालाही दुखवू नका. बॅटरी उचलायला यांच्यापैकीच दोघे लागणार आहेत.

५. बॅटरी शोधा

डिकीतलं स्टेपनीचं फळकूट उचला. नसेल तर उजव्या बाजूचं आवरण काढा. तिथेही नसेल तर सीटखाली पाहा: ऑडी क्यू-७ची सीटखाली असते, मर्सिडीजच्या काही मोठ्या गाड्यांचीही. म्हणजे आधी सीट मागे न्यायची, सीट विजेवर सरकते, आणि वीज कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक झालंय. वेळ लागेल. कोणीतरी चहा सांगा.

६. बॅटरी विकत घ्या

दुकानात जाऊन "या गाडीची बॅटरी द्या" म्हणू नका, भाव वाढतो. जुन्या बॅटरीवरचे आकडे उतरवून न्या: ९५ अँपिअर-तास, एजीएम. एजीएम म्हणजे आतलं ॲसिड काचेच्या बारीक तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, म्हणून ती सांडत नाही आणि तिच्यात पाणी घालायचं नसतं. दुकानदाराचा पोरगा तरी पाण्याची बाटली घेऊन येईल. त्याचा हेतू चांगला आहे, बाटली परत पाठवा. वजन पंचवीस किलोच्या वर. किमतीत मारुतीच्या चार-पाच येतील.

दुकानदार मग मायेने सुचवेल की साधी बसवा, कोण पाहतंय? आजवर त्याने हे शेकडो गिऱ्हाईकांना सुचवलं आहे आणि कोणी तक्रार केलेली नाही, कारण त्यांच्या गाडीत कोणी पाहत नव्हतं. तुमच्या गाडीत पाहतंय.

७. काढा आणि बसवा

हातातली अंगठी आणि कडं आधी काढा. पान्याला कडं टेकलं आणि दुसरं टोक बॉडीला लागलं तर क्षणात लालबुंद होतं. चांदीसाठी ओळखल्या जाणाऱ्या खामगावच्या वाचकांसाठी खास सूचना: चांदी सोन्याहूनच नव्हे, तांब्याहूनही चांगली वीज वाहून नेते. तेव्हा अभिमान बाजूला ठेवून कडं घरच्यांकडे द्या.

गाडी झोपू द्या. खरंच असंच म्हणतात. कुलूप लावल्यावर सगळे कंट्रोलर शांत व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, तोवर टर्मिनलला हात लावायचा नाही. चावी दूर, देव्हाऱ्यात ठेवा. आठ माणसं रस्त्याच्या कडेला गाडी झोपायची वाट बघत गप्प उभी आहेत, हे दृश्य डोळे भरून पाहून घ्या.

मग आधी निगेटिव्ह सोडा, नंतर पॉझिटिव्ह. लावताना उलट. निगेटिव्हच्या क्लिपवर एक छोटं डबडं असतं, त्याला ओढू-पिळू नका. ते सेन्सर आहे आणि पुढच्या पायरीतलं मुख्य पात्र तेच आहे. खालच्या पट्टीचा बोल्ट तेराचा, तो आत पडतोच. शेवटी एक बारीक नळी उरेल. ती जादा नाही. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन गाडीबाहेर सोडायला ती आहे, जागेवर लावा.

८. नोंद करा

बॅटरी बसली, गाडी सुरू झाली, टाळ्या झाल्या. तुम्हाला वाटेल काम संपलं. शेत विकत घेतल्यावरही असंच वाटतं. पैसे दिले, खरेदीखत झालं, ताबा मिळाला, पेरणीसुद्धा झाली, आणि सात-बारावर अजून जुन्याच मालकाचं नाव आहे. फेरफार व्हायचा आहे. या गाडीतही फेरफार असतो.

गाडी त्या सेन्सरमधून बॅटरीत किती वीज गेली, किती आली याचा हिशेब ठेवते आणि तिचं वय लक्षात घेऊन चार्जिंग ठरवते. जुनी काढून नवी बसवली हे तिला कोणी सांगितलेलं नाही. तिच्या दप्तरी म्हातारीच नांदते आहे. मग ती नवीला म्हातारीसारखं चार्ज करते, आणि बॅटरी अकालीच खरोखर म्हातारी होते. दप्तर खरं ठरतं. महसूल खात्याच्या लोकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

तेव्हा स्कॅनर लावून नवी बॅटरी नोंदवावी लागते. जुनी ९० ची होती आणि नवी ९५ ची, किंवा साधीच्या जागी एजीएम आली, तर नुसती नोंद चालत नाही, कोडिंगही बदलावं लागतं. हे अधिकृतपणे करायचं तर छत्रपती संभाजीनगर नाहीतर नागपूर. बुलडाण्याहून संभाजीनगर दीडशे किलोमीटरच्या आसपास. बॅटरी बदलल्याचं गाडीला सांगायला गाडीनेच तेवढं जायचं. मेहकरच्या आणि सिंदखेडराजाच्या वाचकांना ११ डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग आहे, ताशी १२०ने जाता येतं. घाटाखालच्यांनी राजूर घाट चढताना खिडकीबाहेर पाहावं, पावसाळ्यात छान दिसतं.

दुसरा मार्ग म्हणजे एखादा पोरगा. प्रत्येक तालुक्यात एक असतोच. आयटीआय झालेला किंवा न झालेला, ऑनलाइन मागवलेलं बोटाएवढं ॲडॉप्टर आणि तडा गेलेल्या स्क्रीनचा मोबाइल. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ॲडॉप्टर खोचतो, दोनदा बोट फिरवतो आणि नोंद होते. कंपनी ज्याला विशेष साधन आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ म्हणते ते हेच. पाचशे रुपये. तलाठी कार्यालयात असा पोरगा असता तर जिल्ह्याचा इतिहास वेगळा झाला असता.

९. किरकोळ

पडद्यावर पाच-सहा पिवळे दिवे दिसतील: स्टिअरिंग, एबीएस, टायर. घाबरून इंजिन बंद करू नका. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि थोडं अंतर चालवा, बरेचसे जातात. काचा आपोआप वर जात नसतील तर बटण वर ओढून थोडा वेळ धरा, त्यांना आपली उंची पुन्हा आठवते. घड्याळ भलतीच वेळ दाखवेल, लावून घ्या. रेडिओवर आधीचं स्टेशन राहिलेलं नसेल, दु:ख करू नका.

जुनी बॅटरी दुकानदाराला द्या. तो ती परत घेतो, आणि वजनावर सूटही मिळते. भारी गाडीच्या बॅटरीत शिसं भरपूर असतं, त्यामुळे वजनकाट्यावर पहिल्यांदाच तुमच्या गाडीचा काहीतरी फायदा होईल.

आता गाडी शंभर मीटर पुढे घ्या. पडद्यावर नवी ओळ आली असेल: साहाय्यक बॅटरीत बिघाड. होय, काही गाड्यांत दुसरीही असते, लहानशी. कुठे, ते मॉडेलवर आहे. पोरगा अजून टपरीवरच असेल, त्याला हाक मारा. आणि ज्या दोघांनी पहिली उचलली त्यांना जाऊ देऊ नका, सीट काढावी लागणार आहे.