गुरुजी आणि पोरगी शेजारी शेजारी!

ऐकलंत का? दहावीचा शेवटचा पेपर टाकला की पोरं मामाच्या गावाला पळायची, तो जमाना गेला. आता नंदुरबार असो की शहादा, पोरं थेट एमएससीआयटीच्या कॉम्प्युटर क्लासला! निकालाचा पत्ता नाही आणि ही घाई. गणितात गचकला तरी हे सर्टिफिकेट पदरात पडेल, असा आयांचा पक्का हिशोब.

2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं हे खूळ सोडलं, तेव्हा आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून फुटून जेमतेम तीन वर्षांचा. पोरांचं एक वेळ समजू शकतो हो, पण गुरुजी? सरकारनं दम भरला: 31 डिसेंबर 2007 पर्यंत पास व्हा, नाहीतर वेतनवाढ विसरा. पन्नाशी उलटलेल्यांना तेवढी सूट. झालं! कलप लावून पन्नाशी लपवणारे जन्मतारखेचा दाखला खिशात घेऊन हिंडू लागले.

बाकीचे बसले क्लासला, आपल्याच वर्गातल्या पोरीच्या शेजारच्या खुर्चीवर. शिव शिव! चपला बाहेर, खोलीत एसी (माणसांसाठी नव्हे, कॉम्प्युटरला उकडतं म्हणून), आणि गुरुजींच्या मुठीत माउस. टेबल संपलं तरी माउस पुढेच. पोरगी कुजबुजते, "सर, उचलून परत मध्ये ठेवा." फाईल उघडायला दोनदा दाबायचं, तर गुरुजी श्लोक म्हटल्यासारखं सावकाश दाबतात आणि फाईल उघडायची सोडून तिचं नाव बदलायची चौकट उगवते. ज्यांनी हिचा कान पिळून पाढे घेतले, त्यांना ही म्हणते, "चुकलं सर, परत करा." आणि लाइट गेली की सगळ्यात आधी सुटकेचा श्वास कोण सोडायचं, ते मी सांगत नाही.

पुढे देशातलं पहिलं आधार 2010 मध्ये टेंभलीला, आमच्याच शहादा तालुक्यात वाटलं. पंतप्रधान आले, गाव फुललं. पण त्या आधारानं काय दिवस दाखवले बघा. गुरुजी आता रिटायर. लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट भिंतीवर. नोव्हेंबर आला की पेन्शनसाठी हयातीचा दाखला आधारवरून ऑनलाइन काढायला सेतू केंद्रात जातात. खुर्चीवर कोण? तीच पोरगी! उभ्या गावाला अंगठ्यावरून सहीवर आणणाऱ्या माणसाला म्हणते कशी,

"सर, अंगठा ठेवा. नाही उमटला. जरा पुसून परत ठेवा."