तळ ठोकणारे

तुमच्या सोसायटीतही एक असणारच. पार्किंगच्या कडेला जुनी ओम्नी उभी, मागचं दार वर उचललेलं आणि त्यातून बाहेर आलेले दोन पाय. चपला खाली शिस्तीत काढून ठेवलेल्या. पायांचे मालक आत पालथे पडून प्लायवुडच्या फळीवर पाणसळ ठेवून तिच्यातल्या बुडबुड्याकडे टक लावून बघत असतात. ‘तळ ठोकणे’ म्हणजे मुक्काम करणे. या गृहस्थांनी व्हॅन घेतली ती त्याच अर्थानं. सध्या जो ठोकताहेत तो मात्र अक्षरशः तळ आहे. सोयीसाठी त्यांना तळठोके म्हणू. बहुधा निवृत्त असतात, आणि निवृत्त झालेले असतात तेही सही करायच्या आधी कागद तीनदा वाचायला लावणाऱ्या एखाद्या खात्यातून. बेत साधा होता. मागे गादी, एक शेगडी, पाण्याचा कॅन, आणि वहिनींना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं वेंगुर्ल्यापर्यंत. वहिनींनी पिशव्या भरून ठेवल्या त्याला दोन पावसाळे झाले. “अहो, निघायचं कधी?” या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे: “बुडबुडा मध्ये येऊ दे.”

अशा माणसाला जग विक्षिप्त म्हणून मोकळं होतं. माझं म्हणणं वेगळं आहे. तळठोके यांच्या हातून चुका होतात, पण त्यांच्या कामाची जात चुकीची नाही. आपल्या सगळ्यांच्या कामाची जात मात्र तपासायला हवी. हे पटवायचं तर आधी फिर्यादी पक्षाचं ऐकून घ्यावं लागेल, आणि फिर्यादीचा मुख्य साक्षीदार आहे तो बुडबुडा. पाणसळ हे गवंड्याचं हत्यार. ओटा, फरशी, उंबरठा या वस्तू एकदा झाल्या की जागच्या हलत नाहीत, म्हणून तिथे बुडबुडा मध्ये असण्याला अर्थ असतो. व्हॅन हलते, नव्हे, हलावी म्हणूनच घेतलेली असते. शिवाय पार्किंगच्या जमिनीला पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. म्हणजे तळठोके यांचा बुडबुडा व्हॅनबद्दल काही सांगतच नसतो, तो पार्किंगबद्दल सांगत असतो. त्यांनी डावीकडे दोन सूत पॅकिंग सारून बुडबुडा मध्ये आणला, आणि सपाट रस्त्यावर उजवीकडे कलणारा तळ तयार झाला. मग मागच्या टायरमध्ये हवा कमी निघाली. हवा भरली, बुडबुडा सरकला. पेट्रोल भरलं, बुडबुडा सरकला. वहिनी चहा घेऊन आत येऊन टेकल्या, बुडबुडा सरकला, आणि वहिनींना चहासकट उतरायला सांगण्यात आलं.

यावर तळठोके यांच्या बाजूनं कुणी म्हणेल, की मुक्कामाला गाडी सपाट नको का? डोकं खाली आणि पाय वर अशी झोप कुणाला लागते? आक्षेप रास्त आहे, पण त्याचा इलाज तळात नाही. ज्या गावी थांबाल त्या गावची जमीन वेगळी. तिथे चाकाखाली पाचर देऊन गाडी सरळ करायची असते. फळीला हवा तो सपाटपणा निराळा. लांब सरळ पट्टी कुठेही आडवी धरली तर तिच्या खालून उजेड दिसता कामा नये, एवढीच तिची परीक्षा, आणि ती घाटातल्या चढावरसुद्धा घेता येते. तेव्हा बुडबुड्याच्या कलमाखाली आरोपी दोषी आहेत, हे मान्य करून पुढे जाऊ.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. एवढा खटाटोप कशाला, रेक्झिन अंथरा आणि निघा. इथे मात्र तळठोके यांची बाजू भक्कम आहे. व्हॅनचा तळ ही सपाट पाटी नसते. पत्र्याला ताकद यावी म्हणून कारखान्यातच त्यात पन्हळी पाडलेल्या असतात. त्यांच्यावर नुसतं रेक्झिन टाकलं की ओल्या चपलांचं पाणी खाली जाऊन पन्हळीत बसतं. वरून काही दिसत नाही आणि पत्रा खालून गंजत राहतो. नुसती फळी टाकली तर ती उंचवट्यांवरच टेकते, मधल्या पोकळीवर पाय पडला की दबते आणि खड्ड्याखड्ड्याला करकरते. म्हणून आधी गंज खरवडायचा, रेडॉक्साइड मारायचं, पन्हळींत मापाच्या रिपा किंवा फोमच्या पट्ट्या भरायच्या आणि मग फळी. दोन फळ्यांचा सांधा रिपेवरच आला पाहिजे. अधांतरी आला तर एक कड खाली जाते, दुसरी वर येते आणि अंगठा ठेचकाळतो. जाडीचाही हिशेब आहे. अठरा एमएमची आठ बाय चारची एक आख्खी शीट तीस किलोच्या वर भरते. खाली आधार जवळजवळ असतील तर बारा एमएम पुरते, आणि ओम्नीसारख्या ठेंगण्या गाडीत तळाचं प्रत्येक सूत डोक्यावरच्या जागेतून वजा होत असतं.

तिसरा आक्षेप: मग हे सुताराला सांगा, दोन दिवसांत करून देईल. सुतार आला होताच. त्यानं गुण्या बाहेर काढला, व्हॅनच्या कोपऱ्याला लावला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. घरातल्या खोलीत निदान एखादा तरी काटकोन सापडतो. व्हॅनमध्ये एकही नाही. चाकांवरच्या कमानी पोट काढून आत आलेल्या, बाजूचा पत्रा वर जाताना आत कललेला, सरकत्या दाराच्या पायरीपाशी तळ तुटलेला. असला आकार टेपानं उतरत नाही. तो पुठ्ठ्यावर कापून कापून उतरवायचा आणि पुठ्ठा नीट बसला की मगच करवत चालवायची, तीही कडेनं थोडी फट ठेवून, कारण दमट हवेत लाकूड फुगतं. तळठोके यांनी त्यासाठी सोसायटीतल्या तीन फ्रिजांचे खोके जमवले. पैकी एक फ्रिज अजून खोक्यातच होता, पण तो वाद कमिटीकडे आहे.

प्लायच्या दुकानातली त्यांची वागणूकही अशीच. दुकानदार कमर्शियल दाखवतो, हे मरीन मागतात. मरीन प्लायचं भारतीय मानक आयएस ७१०. त्यात नमुना बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचे थर सुटतात का ते पाहतात. तळठोके यांनी दुकानातून आणलेला तुकडा घरी पातेल्यात उकळायला घातला. तिसऱ्या तासाला वहिनींनी गॅस बंद केला. पण त्यांना कळलेली एक गोष्ट पुष्कळ कारागिरांनाही कळलेली नसते. मानक हमी देतं ती थर चिकटून राहण्याची. कापलेली कड उघडी ठेवली तर ती पाणी पितच राहते. म्हणून प्रत्येक कडेला, प्रत्येक भोकाच्या आतल्या अंगालाही वॉर्निशचे दोन हात. फळी बसल्यावर यातलं काहीही दिसत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फळी पक्की करण्याचा भाग. व्हॅनच्या तळाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. स्क्रू त्यात एकदोन आट्यांवरच धरतो, आणि गाडीच्या थरथरीनं ढिला होतो. पांढरा सुतारी फेविकॉल लाकडाला लाकूड जोडतो, रंगवलेल्या पत्र्याशी त्याचं जमत नाही. तिथे रबरासारखा लवचीक राहणारा पॉलियुरेथेन लागतो, आणि महत्त्वाच्या जागी आरपार नट-बोल्ट, खाली रुंद वायसर. शक्य तिथे गाडीत आधीपासून असलेलीच भोकं वापरायची. नवं भोक पाडायच्या आधी गाडीखाली झोपून बघायचं, कारण पत्र्याखाली पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी असतात, आणि ड्रिलला हा फरक कळत नाही. भोक पडलं की त्याच्या उघड्या कडेला लगेच रंग. इतके बोल्ट कशाला, असं विचारणाऱ्यानं एवढंच आठवावं: जोरात ब्रेक लागला की गाडी थांबते, सुटी फळी थांबत नाही.

चौथा आक्षेप सरकारी आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे बजावलं आहे. तेव्हा आसनं काढून घर थाटणाऱ्यानं आधी आरटीओची पायरी चढावी. तळठोके यांचा त्या पायरीला नकार नाही. तिथवर गाडी न्यायची तर आधी तळ व्हायला हवा, एवढंच. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा त्यांनी ती बातमी कापून जपून ठेवली होती. पुढे त्या कात्रणाची घडी करून त्यांनी ती उजव्या कोपऱ्यात फळीखाली सारली. तिथे बुडबुडा अर्धं सूत चळत होता.

राहिला शेवटचा आरोप: व्हॅन कुठेच गेली नाही. खरं आहे. पण ज्या रस्त्यानं ती जाणार होती त्याच्याकडे एकदा बघा. दर वर्षी त्यावर डांबराचा नवा थर येतो आणि दर श्रावणात तो खडीसकट वाहून जातो, कारण खालच्या थरातून पाणी काढून द्यायचं काम कुणी केलेलं नसतं. ते दिसत नाही ना! उद्घाटनाचा नारळ वरच्या थरावर फुटतो. खालचं कुणाला दिसणार नाही म्हणून खालचं करायचंच नाही, ही आपल्याकडची रीत. पुलाला, गटाराला, इमारतीच्या गच्चीला लागू असलेली. अशा गावात एक माणूस कुणालाही न दिसणाऱ्या कडांना वॉर्निशचा दुसरा हात देत बसला आहे. त्याचा बुडबुडा चुकीचा असेल, पण त्याची लाज ठिकाणावर आहे. वहिनींना हे आपल्याआधी कळलेलं असतं. नाही तर दोन पावसाळे भरलेल्या पिशव्या त्यांनी केव्हाच रिकाम्या केल्या असत्या.

ओम्नी १९८४ साली रस्त्यावर आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आता मिळते ती जुनीच. कधी तरी तळठोके यांचे गुडघे बोलू लागतात, मुलगा फोनवरून आवाज चढवतो आणि व्हॅन विकायला निघते. तेव्हा अशी एखादी गाडी बघायला गेलात तर इंजिनाचा आवाज ऐकून झाल्यावर मागचं रेक्झिन कोपऱ्यातून उचला. फळीच्या कडा बंद असतील, स्क्रूची डोकी लाकडात बुडालेली असतील, पाय दिल्यावर आवाज होत नसेल, आणि तळ किंचित उजवीकडे कललेला असेल, तर भावात फार घासाघीस करू नका.