फुकटच्या खेळाचं बिल

घरात लेकरू आलं की सगळ्यात आधी बापाचा छंद मोडीत निघतो. आईचा त्याच्याही आधी, बहुतेक वेळा लग्नातच. दवाखाना, दूध, डायपर, बालवाडीची फी, सगळ्यांना घरखर्चात रकाना असतो; खेळाला नसतो. रकाना नाही म्हणून खर्च थांबतो असंही नाही. खर्च होतोच, फक्त चोरून होतो. माझा आक्षेप या चोरून करण्यावर आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात तिशीतल्या माणसाला विचारून पाहा. लग्नाआधी चौघं दोस्त रात्री उशिरापर्यंत पब्जी खेळत होते. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने त्यावर बंदी आणली. पुढच्या वर्षी तोच खेळ बीजीएमआय नावाने परतला, पण तोवर चौघांतल्या दोघा-तिघांच्या घरी पाळणा हलला होता. आता मोबाईल हातात दिसला की बायको विचारते, “पैसे लावता का त्याच्यात?”

प्रश्न रास्त आहे. रमीच्या जाहिरातींनी इतकी वर्षं घरांची झोप उडवली, की खेळ आणि जुगार यांतली भिंतच पडली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांच्यासाठी होणाऱ्या बँक व्यवहारांवर बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र वेगळं काढून मान्यता दिली. ही रेघ फार आधी ओढायला हवी होती. निदान आता ‘मी खेळतो’ असं सांगणाऱ्या बापाकडे कुणी जुगारी म्हणून पाहू नये.

पण पैशाचा प्रश्न उरतोच. प्लेस्टेशन 5 भारतात आला 2 फेब्रुवारी 2021 ला, किंमत 49,990 रुपये. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 5,825 होता. म्हणजे एका यंत्राला साडेआठ क्विंटलहून जास्त कापूस, तोही वेचणीची मजुरी न धरता. आमच्या कोरडवाहू रानात एवढं पीक एका एकरात निघत नाही. तेव्हा दारव्ह्यात कुणी बाप असलं यंत्र घेत नसेल, तर त्याला कंजूष म्हणू नका. हिशेब त्याच्या बाजूने आहे.

तो मग फुकटाकडे वळतो. आणि इथेच फसतो.

फुकटचा खेळ म्हणजे दार उघडं आणि आत प्रत्येक खिळ्याला किंमत. उतरवून घ्यायला पैसा नाही, पण कपडे विकत, बंदुकीचा रंग विकत, हंगामाचा पास विकत. यूसी, म्हणजे बीजीएमआयचं आतलं चलन, घ्यायचे ते थोडे थोडे, रात्री, झोपेच्या तारेत. एका वेळची रक्कम इतकी छोटी की बायकोला सांगावीशी वाटत नाही आणि स्वतःच्याही लक्षात राहत नाही. वर्षाची बेरीज करा. माझी सूचना गंभीर आहे: आज रात्री यूपीआयचा इतिहास उघडा आणि करा. ज्याला आपण फुकट म्हणत होतो त्याची किंमत तिथे स्वच्छ लिहिलेली असते.

पैशापेक्षाही मोठी चोरी वेळेची. हे खेळ रोजची हजेरी मागतात; आज आला नाहीत तर बक्षीस गेलं. मैदानात उतरलात की डाव संपेपर्यंत थांबता येत नाही. अर्ध्या डावात लेकरू रडलं तर? उठलात तर दोस्तांचा डाव मोडतो. नाही उठलात तर काय मोडतं ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. विकत घेतलेला, एकट्याने खेळायचा खेळ बटण दाबलं की थांबतो. तुम्ही लंगोट बदलून, दूध पाजून, तासाने आलात तरी तो तिथेच असतो. लेकराच्या बापाला आणि आईला हाच खेळ परवडतो. शिवाय नवा खेळ महाग असतो, जुना होत गेला की सवलतीत उतरतो. वर्ष-दोन वर्षं थांबणं ही लेकुरवाळ्या माणसाला जड जाणारी गोष्ट नाही.

उदाहरणाला परदेशात जायची गरज नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ नावाचा खेळ केला. धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, पहाडी शैलीची चित्रं, छायाबाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारायचा त्यांचा प्रयत्न फसला. संस्थापकांपैकी एकीने राहतं घर विकून काम चालू ठेवलं आणि 2020 मध्ये खेळ बाजारात आणला. एकदा किंमत मोजा, खेळा, संपवा. दुसऱ्या दिवशी हजेरी नाही. पण आपल्याकडच्या किती जणांनी तो विकत घेतला? यूसीवर पैसा उडवणारा माणूस घर विकून केलेल्या खेळाच्या किमतीवर घासाघीस करतो, हे मला सहन होत नाही.

आता त्याच मोबाईलवरचं दुसरं फुकट पाहा: चित्रकथा. खेळाची कंपनी फुकट देऊन वसुली कशी करायची हे शिकली आहे. चित्रकार फुकट देतो आणि खरंच फुकट देतो. लोक पाठवतात, हसतात, वरून नाव कापून टाकतात. चित्राला लाइक पडतात. त्या लाइकवर किराणा मिळत नाही.

मग चित्रकाराचं घर चालतं कशावर? आपल्या विदर्भातलंच पाहा. नागपूरचे रोहन चक्रवर्ती शिकले दंतवैद्यक. नागझिऱ्याच्या पाण्यात डुंबणारी वाघीण त्यांनी पाहिली आणि ओढ जंगलाकडे लागली. 2010 मध्ये ‘ग्रीन ह्यूमर’ सुरू झालं: वाघ, बेडूक, घुबड, गिधाड, सगळे बोलणारे आणि माणसाला खडसावणारे. 2013 मध्ये अमेरिकेच्या युनिव्हर्सल युक्लिकने ही मालिका जगभर वितरणासाठी घेतली. चित्रं इंटरनेटवर कुणीही पाहावीत. पैसा येतो तो वर्तमानपत्रांतल्या सदरांतून, संस्थांनी सांगितलेल्या कामातून, अभयारण्यांच्या सचित्र नकाशांतून, पुस्तकांतून. 2021 मध्ये पेंग्विनने त्यांचा संग्रह काढला. ही एक नोकरी नाही, पाच-सहा कामांची जुळणी आहे, आणि ती जुळवायला वर्षं लागतात. टिपेश्वर अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. यवतमाळच्या लेकरांना वाघ कार्टूनमधून आधी कळावा तर या चित्रांतून कळावा.

पण ही मालिका इंग्रजीत आहे, म्हणून तिला जगाचं गिऱ्हाईक मिळालं. मराठीत चित्रकथा काढणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही आणि मी. दुसरं कुणी येणार नाही.

वाचक मनावर घेतात तेव्हा काय होतं त्याचा दाखला आहे. रिच बर्ल्यू यांची ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ ही काड्यांच्या माणसांची चित्रकथा 2003 पासून इंटरनेटवर फुकट वाचता येते. विषय खेळाचाच, फासे टाकून खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा. 2012 मध्ये, प्रती संपलेलं एक पुस्तक पुन्हा छापायला त्यांनी 57,750 डॉलर मागितले. जवळपास 15 हजार लोकांनी मिळून साडेबारा लाख डॉलर दिले. जे फुकट वाचलं होतं त्याच्याच छापील प्रतीसाठी!

मराठी माणूस असं करत नाही, हे मला मान्य नाही. शि. द. फडणीस यांच्या मुखपृष्ठांनी ‘मोहिनी’चे दिवाळी अंक घराघरांत पोहोचले, आणि ते अंक लोकांनी विकतच घेतले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ 1991 मध्ये ‘सकाळ’मध्ये आला आणि लोक पेपर उघडून आधी तो वाचू लागले. पैसे आपण तेव्हाही मोजतच होतो, पेपरवाल्याच्या बिलातून. बिल बंद झालं आणि मोजायची सवय सुटली, एवढंच झालं. मन आटलेलं नाही.

आणि आता तर वाट सोपी आहे. वाचकांचे पैसे कलावंताला पोहोचवणारं पॅट्रिऑन हे परदेशी स्थळ ऑगस्ट 2025 पासून नव्या कलावंताच्या कमाईतून 10 टक्के कापतं, शिवाय तिथे गावातल्या माणसाचं कार्ड चालेलच याची खात्री नाही. यूपीआयवर पाठवलेले वीस रुपये वीसच पोहोचतात. दारव्ह्यात भाजीवाल्याला जे जमतं ते चित्रकाराला जमायला हवं.

म्हणून म्हणतो, घरखर्चाच्या वहीत रकाना घाला. नाव उघड लिहा: खेळ. आईचा वेगळा, बापाचा वेगळा, कारण एकच ठेवलात तर तो कुणाचा होईल हे सगळ्यांना माहीत आहे. रक्कम शंभर असो, दोनशे असो. दोन-तीन महिने साठवून सवलतीतला एक खेळ घ्या, आणि त्यातले वीस-पंचवीस दर महिन्याला ज्या चित्रकथेवर हसलात तिच्या माणसाला पाठवा. लेकराच्या दुधाला हात लावायची गरज नाही. यूसीचे पैसे थांबवलेत तरी बहुतेकांचं भागेल. 22 सप्टेंबर 2025 पासून कॅरम आणि बुद्धिबळाच्या पटावरचा जीएसटीही 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. लेकरू जरा मोठं झालं की तोही खर्च याच रकान्यात टाका.

दारव्ह्यात, दिग्रसला, नेरला बसून कुणी मोबाईलवर चित्रकथा काढत असेल, तर त्यांनाही सांगायचं आहे. क्यूआर कोड पहिल्याच चित्राखाली लावा. शंभर चित्रं होईपर्यंत लाजत बसू नका. कुणी ‘तुमचं चित्र छापतो, नाव देतो’ म्हणाला तर मानधनाचा आकडा आधी विचारा. लहान संग्रह काढा, किंमत ठरवा, आगाऊ नोंदणी घ्या आणि छपाईचा खर्च निघेल एवढी नावं जमेपर्यंत छापखान्याची पायरी चढू नका. माझं नाव पहिलं लिहा.