‘काही करत नाही हो तो!’

सोलापुरातल्या फाटकावरची ‘कुत्र्यापासून सावधान’ ही पाटी पाहुण्यांसाठी. घरातल्या ३ वर्षांच्या बाळाला कुठे वाचता येतं? ते चादरीवर पहुडलेल्या मोत्यावर घोडा-घोडा खेळतं. मोत्या जांभई देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो. ही अस्वस्थतेची लक्षणं. घरच्यांच्या मते त्याला झोप आलीय. काका रील काढतात.

लहान मुलांना चावणारं कुत्रं अनेकदा ओळखीचंच असतं.

दात लागलाच तर हळद-तिखट घेऊन आजी तयार. पाश्चरची रेबीजची लस १८८५ मध्ये ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला टोचली गेली, ही बातमी अजून स्वयंपाकघरापर्यंत पोचायचीय. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुणं, लगेच दवाखाना? ‘एवढ्याशा ओरखड्याला?’

मोत्याची लस मात्र ठरलेली आहे: गड्डा यात्रा झाली की. कोणत्या वर्षीची, ते विचारू नये.