ठसा उमटवणारे गृहस्थ

पुण्याच्या जुन्या पेठांत वाड्यांच्या तळमजल्यावर जे छापखाने होते, त्यांचे मालक ऑफसेट आणि डीटीपीची लाट येऊन गेल्यावर तीन वाटांनी गेले. पहिल्यांनी छपाईचे खिळे शिशाच्या भावाने भंगारात घातले आणि त्या जागेत झेरॉक्सचं मशीन आणलं. दुसऱ्यांनी ट्रेडल, म्हणजे खिळ्यांनी छापायचं यंत्र, ठेवली, पण तिच्याकडून पावतीपुस्तकांवर नंबर टाकणं, परफोरेशन मारणं, खोक्यांना क्रीझ पाडणं असली कामं करून घेतली; निवृत्त शास्त्रीबुवांना कुरिअरची पाकिटं चिकटवायला बसवावं तसं. तिसरे संख्येने अगदी थोडे, आणि या लेखाचा विषय तेच. या गृहस्थांनी ट्रेडल तेलपाणी करून दर्शनी भागात आणली, भिंतीवर टाइपाच्या रिकाम्या केसा टांगल्या, वडिलांच्या वेळची पाटी काढून 'लेटरप्रेस स्टुडिओ' अशी नवी लावली आणि हातकागदावर शुभेच्छापत्रं छापायला घेतली. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण मग त्यांच्या मनाने घेतलं, की आपली कार्डं मॉलमधल्या मोठ्या दुकानात लागली पाहिजेत. त्या दिवसापासून हे गृहस्थ मुद्रक उरले नाहीत, उमेदवार झाले.

माझं म्हणणं असं, की यांना ते मोठं दुकान बाजारपेठ म्हणून नको असतं, प्रशस्तिपत्रक म्हणून हवं असतं. हे ते कबूल करणार नाहीत. सीएने विचारलं तर 'व्हॉल्यूम' म्हणतील, बायकोने विचारलं तर 'पुढच्या दिवाळीपर्यंत थांब' म्हणतील. पण माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या वागण्यातून हेतू जास्त कळतो, आणि यांचं वागणं विक्रेत्याचं नाही. विक्रेता दुकानाच्या खरेदी-व्यवस्थापकासमोर बसला की दर सांगतो. हे गृहस्थ सन सांगतात. सुरुवात १५५६ पासून: त्या वर्षी गोव्यात पहिला छापखाना आला, तो खरं तर अ‍ॅबिसिनियाला जायचा होता, पण इथेच राहिला. (माल ठरल्या ठिकाणी न पोचता भलतीकडेच उतरणं हा आपल्या मुद्रणव्यवसायाचा श्रीगणेशाच आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. पुढे येतं.) तिथून ते १८६९ साली जावजी दादाजींच्या निर्णयसागरपाशी पोचतात, देवनागरीच्या जोडाक्षरांना किती शेकडो खिळे लागत ते सांगतात, आणि व्यवस्थापकाचा चहा गार होतो. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं ते शिळाछापावर, आणि लंडनला हेन्री कोलने १८४३ साली पहिलं व्यापारी ख्रिसमस कार्ड काढलं तेही शिळाछापाचंच, वर हाताने रंगवलेलं, या दोन गोष्टी मात्र ते गाळतात. म्हणजे ज्या परंपरेचा दाखला देत शुभेच्छापत्र आणि खिळे यांचं लग्न लावायचं, त्या परंपरेत वधू-वरांची पत्रिका जुळत नव्हती. व्यवस्थापकाला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला एवढंच विचारायचं असतं, की कार्डं किती डिझाइनमध्ये आहेत आणि न खपलेली परत घेणार का.

दुसरा पुरावा अधिक भक्कम आहे. या कार्डात जे जे चांगलं, ते ते मोठ्या दुकानाच्या अटींमध्ये एकेक करून रद्द होतं, आणि गृहस्थ एकेका रद्दीकरणावर हसतमुखाने सही करतात. कार्डाचा मुख्य गुण म्हणजे ठसा. शिवाजीनगरच्या ज्या हातकागद संस्थेत १९४० पासून चिंध्यांचा कागद होतो, तसल्या जाड, मऊ कागदात अक्षर रुतलेलं असतं; डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळावं इतकं. आता यातली गंमत अशी, की खोल ठसा हे जुन्या छापखान्यात चांगल्या कामाचं लक्षण नव्हतंच. शिसं मऊ; दाब जास्त झाला की खिळ्यांचं तोंड झिजायचं. म्हणून कागद उलटा करून पाठीवर बोट फिरवायची पद्धत होती, आणि अक्षर हाताला लागलं तर 'पॅकिंग कमी कर रे', म्हणजे छापायच्या कागदामागचे दाब देणारे कागद काढ, अशी हाक यायची. शाई कागदाला टेकावी, पण कागदाला कळू नये, ही त्या काळची सफाई. आता पॉलिमरच्या प्लेटी आल्या, झिजायची भीती गेली, आणि ज्या दोषापायी मजुरी कापली जायची त्याच्यासाठी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं. स्टुडिओत हौसेने ठेवलेले, खिळे जुळवणारे एखादे जुळारी काका असतात; ते ही कार्डं पाहून काही बोलत नाहीत, फक्त पॅकिंगकडे बघतात.

तर हा ठसा बोटाने अनुभवायचा. आणि मोठ्या दुकानाची पहिली अट अशी, की प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत सीलबंद हवं, गिऱ्हाइकाचे हात लागून माल खराब होतो. गृहस्थ पिशव्या मागवतात. दुसरा गुण म्हणजे कोणतीही दोन कार्डं तंतोतंत सारखी नसतात. कागद हाताने लावलेला, शाई कुठे दाट कुठे फिकी. दुकानाची दुसरी अट बारकोड. तेरा आकडी, भारतातल्या नोंदणीचा म्हणून ८९० ने सुरू होणारा, आणि त्याचा अर्थच मुळी असा, की या आकड्याखालचा सगळा माल एकसारखा आहे. बरं, तो बारकोड ट्रेडलवर छापावा तर दाबाने शाई कडेला पसरते, बारीक रेघांमधल्या फटी बुजतात आणि स्कॅनरला काही वाचता येत नाही. म्हणजे हाताने छापलेल्या कार्डाच्या पाठीवर संगणकाने छापलेला स्टिकर आला. तोही खरखरीत हातकागदावर नीट बसत नाही, कोपऱ्यात उचकटतो. त्याच्या शेजारी आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांचा मजकूर: उत्पादकाचं नाव-पत्ता, किरकोळ विक्रीची कमाल किंमत, उत्पादनाचा महिना, तक्रारीसाठी फोन आणि निव्वळ परिमाण. त्यामुळे पुढच्या बाजूला जन्मोजन्मीच्या सोबतीची मंगल कामना आणि मागच्या बाजूला 'निव्वळ परिमाण १ नग' असं एक कार्ड तयार होतं. लग्नाविषयी इतकं नेमकं विधान दोन्ही बाजूंनी मिळून क्वचितच झालं असेल.

पैशाचा हिशेब तर मांडूच नये असा, म्हणून मांडतो. धरा, कार्डाची छापील किंमत दीडशे रुपये. मोठं दुकान निम्मे ठेवतं, राहिले पंच्याहत्तर. त्यातून कागद, पाकीट, प्लेट, पिशवी, स्टिकर, कारागिराची मजुरी आणि टेम्पो. तीन रंगांची पाचशे कार्डं म्हणजे ट्रेडलच्या जबड्यात हात दीड हजार वेळा आत-बाहेर, शिवाय मध्ये दोनदा रूळ धुणं आणि शाई वाळेपर्यंत दोऱ्यांवर नजर ठेवून बसणं. हाती दहा-बारा रुपये उरले तरी ते कार्ड खपल्यावर, कारण माल 'विक्री किंवा परत' या बोलीवर. इथे गृहस्थ कायद्याचा आधार घेऊ पाहतात. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा म्हणतो, उशीर केला तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लावतो. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष दिल्याखेरीज खर्चात दाखवता येत नाहीत. उद्यम नोंदणीचा दाखला फाइलला लावून गृहस्थ अकाउंट्समध्ये जातात. तिथला मुलगा सौजन्याने समजावतो, की काका, हे सगळं आम्ही माल विकत घेतला तर. आम्ही घेतलेला नाही, ठेवून घेतला आहे. गृहस्थ खाली येतात आणि आपलं कार्ड कोणत्या रॅकवर लागलंय ते लांबून पाहून घेतात. फोटो काढतात. तो फोटो त्या रात्री तीन फॅमिली ग्रुपांवर जातो. वसुलीच्या दिवशी ज्याला रॅकचा फोटो सुचतो, तो माल विकायला आलेला नाही, एवढं तरी मान्य व्हावं.

यावर व्यवहारी लोक म्हणतील, मग हा सरळसरळ मूर्खपणा झाला. इन्स्टाग्रामवर विकावं, प्रदर्शनात टेबल मांडावं, मधल्यांना निम्मे कशाला? विकतातच ते तिथेही, आणि सुटा नफा तिथे जास्त हे त्यांनाही ठाऊक असतं. पण प्रदर्शनात गिऱ्हाईक कार्ड हातात घेऊन 'हे घरी करता का?' असं विचारतं. या एका प्रश्नात तीन पिढ्यांच्या छापखान्याचा पापड मोडतो. मॉलमध्ये कुणी असं विचारत नाही. तिथे वस्तू शेल्फवर आहे म्हणजे कुठल्यातरी परीक्षेत पास झालेली आहे, असं गृहीत धरलेलं असतं. शिवाय आक्षेप घेणाऱ्यांना एक धंदा दिसत नाही, कारण तो रॅकवर नसतो. कार्ड उलटून, बारकोडखालचा फोन नंबर वाचून कुणीतरी विचारतं, 'लग्नपत्रिका छापता का?' ती ऑर्डर दोन-तीनशे पत्रिकांची असते, दर गृहस्थ ठरवतात, निम्मी रक्कम आगाऊ येते आणि निव्वळ परिमाण छापावं लागत नाही. तक्रारीसाठी कायद्याने छापायला लावलेल्या नंबरावर धंदा येतो. म्हणजे दुकान ही त्यांची भाड्याने घेतलेली पाटी आहे, आणि मॉलमध्ये पाटी लावायला काय पडतं हे चौकशी करून पाहिलं, तर पंच्याहत्तर रुपये माफकच म्हणायचे. तेव्हा मूर्ख ते नाहीत. फक्त सीएला सांगितलेलं कारण खोटं आणि स्वतःपासून लपवलेलं खरं आहे.

दुसरा आक्षेप: आता कार्डं पाठवतंच कोण? १९७९ मध्ये दिल्लीहून निघालेल्या आर्चीजने ज्या पिढीला प्रेम, माफी आणि वाढदिवस या तिन्हींचा मजकूर तयार पुरवला, ती पिढी आज व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचे गुच्छ पुढे ढकलते. आक्षेप खरा आहे, पण या कार्डांना लागू नाही, कारण ही कार्डं पाठवण्यासाठी कुणी घेतच नाही. घेणारा ती ठेवून देतो. 'इतकं चांगलं कार्ड त्याला कशाला द्यायचं' असं म्हणून पुस्तकात घालतो, नाहीतर फ्रेम करून घेतो. म्हणजे पुन्हा काचेखाली. पोस्टखात्याचा या व्यवसायाशी काडीचा संबंध उरलेला नाही, आणि शुभेच्छांचाही फार नाही.

खरी कसोटी दुसऱ्या ऑर्डरला लागते. ती येते कधीमधी, राखीच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर. सोबत एक छोटी विनंती असते: माल आवडला, पण ठशामुळे पाठीला उंचवटे येतात, स्टिकर सुटतो, आणि गठ्ठा फुगल्यामुळे रॅकच्या खाचेत बारा कार्डं बसतात तिथे आठच मावतात, तेव्हा दाब जरा कमी करता येईल का? विक्रेता असता तर इथे अडून बसला असता, कारण दाबाचेच तर पैसे आहेत. गृहस्थ एक दिवस मौन पाळतात, कलेविषयी एक पोस्ट लिहून पुसून टाकतात आणि तिसऱ्या दिवशी ट्रेडलमधून दोन कागद काढून पॅकिंग उतरवतात. मशीन पुन्हा सुरू होतं. जुळारी काका पहिलं कार्ड उचलून उलटं करतात, पाठीवरून बोट फिरवतात, आणि स्टुडिओ निघाल्यापासून प्रथमच मान डोलावून म्हणतात, "आता नीट छापायला लागलास."