खाडा

आमच्या आणि शेजारच्या अंगणात तुराट्यांचं कुड आहे. दरसाली तूर निघाली की नवं बांधायचं आणि पोळ्यापर्यंत त्याला भगदाडं पडायची. वाटीभर साखर, कोंबडीची पिलं, लेकरं, सगळं त्यातूनच इकडचं तिकडं जातं. यंदा त्यावर दोडका चढलाय. एके दिवशी त्या वेलाआडून शेजारच्या वैनीचा आवाज आला.

"ताई, हाव का घरात?"

एरवी हिचा आवाज टोकाईच्या डोंगरावर आदळून परत येईल असा. त्या दिवशी मात्र दोडक्याच्या पानाला ऐकू जाणार नाही इतका बारीक. आमच्या कुरुंदा गावात बाईचा आवाज असा खाली बसला की दोनच गोष्टी असतात, कुणाचं तरी लफडं नाहीतर पाळी. लफड्याच्या आशेनं मी मशीनवरून उठले.

"ती गोळी हाय का तुमच्याकडं?"

"कोणती? डोकेदुखीची?"

"नाय वो. ती." तिनं बोट हवेत पुढं ढकलल्यासारखं केलं. "महालक्ष्म्या चार दिसावर आल्यात. ऐन सवाष्णीच्या जेवणादिशी अडचण आली तर सोळा भाज्या कोण करावं? जिजीला तर चुलीम्होरं बसवत न्हाई."

"गोळी मेडिकलवर मिळती. पण तारीख कधीची तुमची?"

"हाय की आगंमागं."

"कशाच्या आगंमागं?"

"महालक्ष्म्याच्याच की."

मी कुडाच्या भगदाडातून तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडं बोट केलं. तिथं कालनिर्णय टांगलेलं आहे. "मागल्या महिन्यात दूधवाल्यानं खाडे किती केले?"

"तीन," ती लगेच बोलली. "चारला, अकराला अन् पंचमीच्या दुसऱ्या दिशी."

"सिलिंडर?"

"अठराला लावलं."

"म्हशीला कधी दाखवलं?"

"गोकुळाष्टमीला. लिहून ठेवलंय."

दुधाचा खाडा, सिलिंडर, म्हैस, भिशी, लाईटबिल, सगळ्याला कालनिर्णयवर जागा आहे. म्हशीच्या तारखेचा हिशोब चोख आणि स्वतःची तारीख "आगंमागं"! आणि त्या गोळीचं तर सगळं गणित तारखेवरच चालतं. पाळी यायच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते, आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तारीखच माहीत नसेल तर गोळी घेऊन नेम कशावर धरायचा? शिवाय ते हार्मोन आहे, पेपरमिंट नव्हे. लिव्हरचं दुखणं असलेल्या, पायात नाहीतर फुफ्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या बाईनं डॉक्टरला न विचारता ते तोंडात टाकू नये. दर सणाला, दर लग्नाला, दर वास्तुशांतीला तर मुळीच नाही.

एवढं सांगेपर्यंत आतून तिच्या सासूबाई, जिजी, आल्या. सत्तरी उलटलेली बाई, पण कान तरुण.

"काय कुजबुजायल्याव गं दोघी?"

"काई न्हाई, आत्याबाई. दोडक्याचं चाललं."

"दोडक्याला कुणी अडचण म्हणतं का? कावळा शिवायचा हाय म्हन की सरळ."

त्याच वेळी आमची सहावीतली पोरगी कुडाशी येऊन उभी राहिली. वैनीनं मला डोळ्यानं खुणावलं, हिला आत पाठवा. मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. तिनं ऐकावं म्हणूनच बोलायले मी."

जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूरला एका शाळेत काय झालं ते पेपरात वाचल्यापासून माझं हे ठरलेलं आहे. शौचालयात रक्ताचे डाग दिसले, म्हणून पाळी कुणाला आली ते बघायला पोरींचे कपडे उतरवले. मुख्याध्यापिकेला अटक झाली. का? पोरींनी घरी जाऊन तोंड उघडलं म्हणून. ज्या घरात या गोष्टीला नावच नाही, त्या घरातली पोर काय म्हणून सांगणार होती? "आई, मला कावळ्यानं छळलं" असं?

जिजींनी उंबऱ्यावर बैठक मारली. "आमच्या वक्ताला तर गोठाच. तवा परभणी जिल्हा व्हता आपला. चार दिस कडब्याच्या गंजीआड. भाकर वरून टाकायच्या. फडकं धुवायचं अंधारात अन् वाळवायचं लुगड्याच्या घडीखाली, कुणाची नदर पडू नये म्हणून. पावसाळ्यात ते वलंच ऱ्हायचं. खाज म्हनू नको, जखमा म्हनू नको."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगावं? सासूला? ती बी त्याच गंजीआड बसून म्हातारी झालेली." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पन एक सांगू का, राग येईल तुमाला. त्या चार दिसात कुणी दळायला बोलावत नव्हतं, पान्याला धाडत नव्हतं. पाठ टेकायला मिळायची. आता विटाळ तेवढा ऱ्हायला अन् इसावा गेला."

याला उत्तर माझ्याकडं नव्हतं. आजही आपल्या हळदीच्या रानात पाळीच्या दुसऱ्या दिवशी बाई वाकलेलीच असते, आणि संध्याकाळी देवापुढं दिवा मात्र लावायचा नसतो. कष्ट चालतात, दिवा चालत नाही.

"जिजी, ते घाण रक्त असतं ना, म्हणून बाजूला बसवायचे?" पोरीनं विचारलं. विचारताना माझ्याकडं बघून हसली, म्हणजे उत्तर तिला ठाऊक होतं.

"मंग? घानच की."

"नाही जिजी. आमच्या मॅडमनी सांगितलं. पिशवीत बाळासाठी अस्तर तयार होतं. बाळ राहिलं नाही की ते सुटून येतं."

मी शिवणकामवाली. मला माझ्या भाषेत सांगावंसं वाटलं. "पाहुणा यायचा म्हणून वाकळ अंथरली, जिजी. पाहुणा आला नाही. मग ती वाकळ काढायची आणि पुढल्या महिन्यात नवी अंथरायची. वाकळ घाण असती का? आणि रक्त म्हणाल तर सगळे दिवस मिळून ३० ते ८० मिलिलिटर. हाटेलातल्या कटिंग चहाएवढं."

वैनी गप्प झाली होती. दोडक्याचं एक पान तोडून त्याच्या बारीक चिंध्या करत होती.

"एवढंच जातं व्हय?" तिनं हळूच विचारलं. "माझं तर, ताई, चहाची किटली म्हना. नऊ दिस. रात्रीतून दोनदा उठावं लागतं. गठुळ्या पडत्यात."

"कधीपासून?"

"वरीस झालं असंल."

"दवाखान्यात दाखवलं नाही?"

"दाखवलं की. डॉक्टर बाप्या माणूस, अन् हे बी बाजूला उभे. काय व्हतंय इचारलं, मी म्हनलं अडचण हाय, अशक्तपणा हाय. त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. लाल-लाल."

मला त्या डॉक्टरचाही फार राग येईना. अडचण म्हणजे काय? घराची अडचण असते, पैशाची असते, सासरची असते. 'अडचण' ऐकून कुणाला नऊ दिवस आणि गठुळ्या कळाव्यात?

"वैनी, सात दिवसांच्या वर रक्त जायला नको. तास-दोन तासाला पॅड भिजून बदलावा लागला, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडल्या, एकवीस दिवसांच्या आत पुन्हा आली, मधल्या दिवसात अंगावरून गेलं, किंवा पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईला थेंब जरी दिसला, तर थांबायचं नसतं. वसमतला जाऊन सोनोग्राफी करायची आणि हिमोग्लोबिन तपासायचं. बाईचं ते बाराच्या वर पाहिजे. आपल्या राज्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत चोपन्न जणींचं रक्त कमी निघालंय सरकारी पाहणीत. आणि ही अशी गोळीनं पाळी ढकलायची गोष्ट तर तपासल्याबिगर काढूच नका."

"अन् तपासून काय म्हनतील? पिशवी काढा म्हनतील."

"म्हनू दे की," जिजी म्हणाल्या. "माझी भाची हाय ना, तिकडं धारूरला दिलेली. तिची काढली. पस्तिशीबी नव्हती. काय म्हने, कटकट गेली."

भाचीची गोष्ट मला ठाऊक होती. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळी झाली की उचल घेऊन ऊसतोडीला जायचं ते उन्हाळ्यातच परत. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाल ठोकलेली. पाळीत पोटात कळ आली म्हणून एक दिवस बसलं की मुकादम पाचशे रुपये कापायचा. त्या कापण्याला तिकडं काय म्हणतात माहीत आहे? खाडा. आपण दुधाचा मांडतो तोच शब्द. दूध आलं नाही तर दूधवाल्याचे पैसे कापायचे, आणि बाईला पाळी आली तर बाईचे.

"जिजी, तुमची भाची एकटी नाही. २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांची समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली."

"तेरा हजार?" जिजींनी पदर तोंडाला लावला.

"पांढरं जातं म्हणून गेल्या, पोटात दुखतं म्हणून गेल्या. कुणी म्हणालं कॅन्सर होईल, काढून टाका. बऱ्याचदा साध्या औषधानं भागतं. गाठ असली तरी तिच्यावर उपाय असतात, आणि पिशवी काढणं हा त्यातला शेवटचा. त्यात पिशवीसोबत अंडाशयं पण काढली तर तिशीतच म्हातारपण. हाडं ठिसूळ, अंगातून वाफा, झोप नाही. कटकट गेली कुठं? तिनं नुसतं घर बदललं."

वैनीनं डोळे पुसले. मग एकदम म्हणाली, "मंग करू काय मी? ह्यांना कोन्या तोंडानं सांगू?"

"तोंडानंच सांगायचं. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कुंकवाला कर नव्हता, टिकलीला नव्हता, बांगडीला नव्हता, आणि पॅडला बारा टक्के. बायका वर्षभर मोठ्यानं ओरडल्या, तेव्हा जुलै २०१८ ला तो गेला. कुजबुजून कुठला कर जातो? आणि आपण तर कुरुंद्याचे. ज्यांच्या आडनावात आपलं गाव आहे, त्या नरहर कुरुंदकरांनी मनुस्मृतीवर अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याला कालनिर्णयवर एक फुली मारायला काय झालं?"

फुलीची कल्पना पोरीला लई आवडली. ती भगदाडातून पलीकडं गेली आणि लाल स्केचपेन घेऊन कालनिर्णयपुढं उभी राहिली. वैनीनं आठवून आठवून मागली तारीख काढली. नागपंचमीला झोका बांधला तेव्हा ती झोक्यावर बसली नव्हती, त्यावरून हिशोब लागला. म्हणजे या वेळची पाळी महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशीच येणार होती, सवाष्णीच्या जेवणाच्या ऐन सकाळी.

"आता?" वैनीचा जीव कासावीस.

जिजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. कालनिर्णयकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "महालक्ष्म्या तीन दिसाच्या पाहुन्या. येत्यात, जेवत्यात, जात्यात. ही बी तीन-चार दिसाचीच. तिला मखर अन् हिला गंजीआड, हे काई बरूबर न्हाई. तू कर सैपाक. म्या सांगायले."

"आत्याबाई, आन् देवीला?"

"देवीला म्या बघती. बाईच हाय ती. तिला काय ठावं न्हाई?"

आसामात कामाख्येचं देऊळ दर आषाढात तीन दिवस बंद असतं, कारण देवीलाच पाळी आलेली असते, आणि तेवढ्यासाठी लाखो माणसं जत्रेला जातात, हे मी जिजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघ. म्या काय म्हनलं?"

महालक्ष्म्या झाल्या. वैनीनं पुरण घातलं, आंबील केली, सोळा भाज्या केल्या. पापड काही लाल झाले नाहीत. जिजींनी एवढंच केलं की दुपारी तिला दोन तास आत झोपवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "सून निजली. पाठ दुखायली तिची." मी तिला सुती कापडाच्या घड्या शिवून दिल्या होत्या, त्या साबणानं धुऊन तिनं सरळ कुडावर, उन्हात टाकल्या. दोडक्याच्या फुलांशेजारी. कडक ऊन हेच त्यांचं औषध.

नऊ दिवस झाले, नऊ लाल फुल्या पडल्या. दहाव्या दिवशी मी काज-बटण करत बसले होते तर पलीकडून दादांचा आवाज आला.

"आगं, हे काय? या महिन्यात दूधवाल्यानं नऊ खाडे केले? पैशे देऊ नको त्याला!"

पलीकडं शांतता. मी मशीनचं पायडल थांबवलं. वैनी काही बोलेना. मग जिजींचा आवाज आला, टोकाईच्या डोंगरावर आदळून परत येणारा.

"दुधाचे न्हाईत रं बाबा ते. तुह्या बायकोच्या पाळीचे हायत. मोज. नऊ हायत का न्हाई?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग दादा मोजताना ऐकू आले, एक, दोन, तीन. नवाला जरा अडखळले.

"लई हायत की गं हे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैनी कुडापाशी आली. नवी साडी, हातात पिशवी, फाटकाशी दादा मोटारसायकल चालू करून उभे.

"ताई, वसमतला चाललाव आम्ही. दूध आलं तर घेऊन ठेवा," ती म्हणाली. कुजबुजत नाही, चांगली मोठ्यानं. "अन् तारखा लिहून घेतल्यात मी कागदावर. डॉक्टरीन बाईला दाखवते."