शून्य खाटा, शून्य तक्रारी

परिचारिकांच्या कामाच्या वातावरणाचे मूल्यमापन करण्याचा रुग्णालय प्रशासनाचा उपक्रम स्तुत्यच. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३ खाटांमागे १ परिचारिका, हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष. तो खाटांचा आहे, माणसांचा नव्हे. त्यामुळे जमिनीवर गादी टाकून झोपवलेले रुग्ण हिशेबात येत नाहीत, हे समितीने अचूक हेरले. उद्या सगळ्याच खाटा काढल्या, तर आपण जगात पहिले! रात्रपाळीच्या सिस्टरची प्रश्नावली मात्र कोरीच परत आली. सलाइन, इंजेक्शने आणि नातेवाइकांची शिवीगाळ यांतून पेन उचलायला सवड झाली नसावी. अहवालात नोंद झाली : ‘तक्रार नाही’. १२ मे रोजी, परिचारिका दिनी, तिचा गुलाबपुष्प देऊन सत्कार होईल. रात्रपाळी संपल्यावर तिने थांबायचे आहे. साहेब दुपारी येणार आहेत.